साखरेच्या डब्याला सील

काटेवाल्यांच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा होता, डब्यात साखर होती, आणि डब्याच्या कडीला शिशाचं सील होतं. मुंग्यांच्या धाकाने डबा पाण्याच्या ताटलीत ठेवणारी घरं असतात, मुलांच्या धाकाने तो कपाटाच्या डोक्यावर चढवणारीही असतात. पण साखरेला सरकारी थाटात मोहोरबंद करणारं घर अख्ख्या गल्लीत हे एकच. आणि ही बातमी बायकोच्या तोंडून फुटली असं कुणी समजू नये. काटेवाल्यांनी स्वतःच ती कौतुकाने चार दुकानांत सांगितली होती.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. खरं नाव परवान्यावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त वजनमाप खात्याच्या साहेबांवर यायची. तीन मजली इमारतीच्या पायथ्याला दुकान आणि माथ्यावर घर. मधे छप्पन्न पायऱ्या. किराणावाला, सोनार, औषधवाला, रद्दीवाला, ज्याचा म्हणून काटा खोटं बोलायला लागला तो ह्यांच्याकडे यायचा. काटा खोलायचा, घासायचा, खात्याने तपासून दिलेली पितळी वजनं चिमट्याने ठेवून बघायची. हाताने नाही! बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते गिऱ्हाइकाला दरडावून सांगायचे. काटा नीट उतरला की आतल्या स्क्रूमधून तार ओवून तिच्या टोकांवर शिशाची गोळी दाबायची. गोळीवर ह्यांचा नंबर उठायचा. पुढे ते सील तोडायचं झालं तर वहीत नोंद आणि साक्षीदाराची सही, नाहीतर परवाना गेला. चाळीस वर्षांत एकही सील आपण चोरून तोडलेलं नाही, हे काटेवाले लग्नाच्या दर वाढदिवसाला बायकोला सांगायचे. ती बिचारी दर वर्षी "हो का?" म्हणायची.

बाकी जगाचे काटे सरळ करणाऱ्या ह्या माणसाच्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल लग्नापासून डुगडुगत होतं. बायकोने सांगून सांगून नाद सोडला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी काटेवाल्यांना साखर निघाली. डॉक्टर बरे होते, पण बाहेर बाकावर सतरा माणसं बसलेली. त्यांनी चार मिनिटांत तीस वाक्यं सांगितली, एक सकाळची गोळी लिहून दिली, चोवीस पानांची पुस्तिका हातात ठेवली आणि म्हणाले, "तीन महिन्यांची सरासरी नऊ आली आहे. पुढच्या तपासणीला साताच्या खाली आणू या. नाही आली तर इंजेक्शनचा विचार करू. आणि डोळ्यांकडे लक्ष ठेवा."

तीस वाक्यांतलं हे शेवटचं वाक्य काटेवाल्यांच्या कानात घुसलं आणि बाकीच्या एकोणतिसांना त्याने दारातूनच परत पाठवलं.

कारण वडील. हेच दुकान, हेच काटे. शेवटची सहा वर्षं म्हातारा काट्याची सुई बोटाच्या पेराने चाचपून वाचायचा. साखर आहे हे कळलं तेव्हा अर्धी नजर गेलेली. मग इंजेक्शन आलं, मग उरलेली गेली. इंजेक्शनाने ती गेली नव्हती, इंजेक्शन फार उशिरा आलं होतं. पण बारा वर्षांच्या पोराने पाहिलं ते एवढंच: आधी सुई, मग काळोख. म्हातारा पुढे मरेपर्यंत एकच वाक्य बोलायचा, "मला कुणी काही सांगितलंच नाही रे."

"हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही," काटेवाले दवाखान्याच्या पायरीवरच बायकोला म्हणाले. "जेवढं म्हणून सांगण्यासारखं आहे तेवढं सगळं मी ऐकणार."

वरून कुणीतरी तथास्तु म्हटलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे साडूंचा पहिला संदेश आला.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त. त्यांना स्वतःला साखर नव्हती, दाब नव्हता, सांधे कुरकुरत नव्हते. थोडक्यात, दुसऱ्याच्या प्रकृतीसाठी त्यांच्याकडे सकाळी पाचपासून वेळ होता. त्यांनी काटेवाल्यांना फोनवरच्या एका गटात घातलं. गटात दोनशे चौदा माणसं, आणि प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी पूर्ण बरा झालेला.

सोमवारी आलं, भात हे पांढरं विष. काटेवाल्यांनी भात सोडला. बुधवारी आलं, गार करून खाल्लेला भात मधुमेह्याला वरदान. साडूंना फोन केला.

"अहो साडू, परवा तर विष म्हणालात!"

"ते गरम भाताबद्दल होतं."

"आणि कोमट?"

"विचारून सांगतो. तोवर खाऊ नका."

हे 'तोवर खाऊ नका' फार वाईट. फळं तोवर बंद झाली, मग दूध, मग पाव. बटाटा तर कुणाला न विचारताच गुन्हेगार ठरला. परवानगी द्यायचा निरोप मागून कधी आलाच नाही, कारण तोवर नवीन बंदी आलेली असायची. कुणी म्हणे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा, कुणी म्हणे दुपारी दोनपर्यंत पाण्याखेरीज काही नको. कुणी म्हणे जेवणानंतर चाला, कुणी म्हणे आधी. दुसरा माणूस असता तर त्याने दोन्ही सोडून दिली असती. काटेवाल्यांनी दोन्ही धरली. धंदाच तसा! एक पारडं वर राहिलं की त्याखाली पासंग लावायचा, म्हणजे तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा. तो जास्त झाला तर दुसऱ्या बाजूला लावायचा. तसा हा माणूस स्वतःला पासंग लावत सुटला. सकाळी कडू पावडर, ती कमी पडेल म्हणून पाल्याचा रस, दोन्हींनी पोट बिघडलं म्हणून तिसरा काढा. उतरवलं काहीच नाही.

मग चकत्या आल्या. दुकानात प्रत्येक काट्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चकती असायची: हिरवी म्हणजे चालू, पिवळी म्हणजे तपासायचा, लाल म्हणजे बंद. एका रविवारी बायको आंघोळ करून बाहेर आली तर स्वयंपाकघरातल्या चाळीस डबे-बरण्यांच्या मानेत चाळीस चकत्या.

"हे काय हो?"

"सोय. तुला विचारायला नको, मला विचारायला नको. चकती बघायची."

"मिठालासुद्धा पिवळी?"

"दाबाचं अजून वाचून व्हायचंय."

पहिल्या महिन्यात हिरव्या एकवीस होत्या. दुसऱ्यात नऊ. हा माणूस ताटावर परीक्षेला बसल्यासारखा बसायचा. घास उचलायचा, थांबायचा, फोन बघायचा, घास खाली ठेवायचा. बायको बघत राहायची, मग तिचाही घास थांबायचा, आणि दोघांच्या मधे ते टेबल डुगडुगत राहायचं. पुढे पुढे तिने दुपारचं जेवण जिथे कामाला जायची तिथेच सुरू केलं. दोन गल्ल्यांपलीकडे धुलाईच्या दुकानात ती काउंटरवर होती. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं ह्याच्या गोष्टी तिच्याकडे इतक्या होत्या, की अर्ध्या वस्तीने तिच्याशी अदबीने बोलावं. पण घरी त्या ऐकायला कुणाचं डोकं रिकामं राहिलं नव्हतं.

आकडे बघायचं यंत्रही एकाचं तीन झालं. पहिल्याने एकशे बेचाळीस दाखवले. काटेवाल्यांनी धंद्याच्या सवयीने दुसरं आणून त्याच थेंबावर ताडून पाहिलं, तर एकशे सत्तावन्न!

"पंधराचा फरक! अशा काट्यावर मी सील मारलं असतं तर आत गेलो असतो."

"डॉक्टर म्हणाले ना, थोडा फरक येतोच?"

"सोनाराला सांग जा, थोडा फरक येतोच."

मग लवाद म्हणून तिसरं आणलं. त्याने एकशे एकोणपन्नास सांगितलं आणि भांडण आणखी वाढवलं. दुकानातल्या काट्याचं बरं, खात्याचं पितळी वजन ठेवलं की तोंड बंद. अंगाचं खरं वजन कुठून आणायचं? दहा बोटांची टोकं जाळीसारखी झाली. चिमटा धरला की झोंबायचं.

आणि साखरेचा डबा? बायकोचं म्हणणं, पाहुण्यांच्या चहाला लागते, फेकायची नाही. ह्यांचं म्हणणं, समोर दिसली की मन जातं. तोडगा ह्यांनीच काढला. दुकानातून तार, गोळी आणि दाबायचा चिमटा वर आणला, कडीत तार ओवली, गोळी कच्चकन दाबली. वहीत नोंद: साखर, सव्वा किलो, सीलबंद.

"पाहुणे आले की?"

"मी रीतसर तोडेन, तू साक्षीदार म्हणून सही करशील, मग पुन्हा लावेन."

ह्यानंतर त्यांच्याकडे सात आठवडे एकही पाहुणा आला नाही, ह्यात नवल ते काय!

आता एक गुपित सांगायला हवं, जे काटेवाल्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या तीस वाक्यांतलं एक बायकोने नेमकं उचललं होतं: "गोळी चालू आहे, कधी साखर एकदम खाली येईल. खिशात साखरेच्या चार वड्या ठेवा." तिने त्याच संध्याकाळी चौकोनी वड्यांची एक पेटी आणली होती. काटेवाल्यांनी ती बघितली आणि शत्रूचा हेर घरात घ्यावा तसा आरडाओरडा केला. तिने "परत करते" म्हटलं, आणि पेटी शिवणयंत्राच्या खालच्या खणात, बटणांच्या डब्यात रिकामी केली. नवऱ्यासाठी हो, नवऱ्यासाठीच. पण साखर नसलेल्या घरात तीन महिने बिनसाखरेचा चहा पिणारी बाई ती. पहिली वडी तिने चव घ्यायला खाल्ली. दुसरी पहिली एकटी पडू नये म्हणून. मग रोज सकाळी कामावर निघताना, यंत्राशी वाकून बटण शोधल्यासारखं करत, एक. कधी दोन.

तपासणीच्या आदल्या दिवशी काटेवाल्यांनी कंबर कसली. रक्त उद्या द्यायचं, आकडा साताच्या खाली हवा. म्हणजे सुई टळेल, सुई टळली म्हणजे डोळे राहतील. असा त्यांचा सरळ हिशेब. तीन महिन्यांचा आकडा एका दिवसात हलत नाही, हे पुस्तिकेत होतं; पण पुस्तिका चोवीस पानांची आणि फोन हातात. सकाळची गोळी घेतली. पावडर एकाऐवजी दोन चमचे. वर रस. दोनपर्यंत खायचं नाही हे ठरलेलंच. आणि त्याच पहाटे साडूंचं नवीन आलेलं, 'जिना हेच औषध', म्हणून छप्पन्न पायऱ्या तीनदा चढले-उतरले. बायको निघताना म्हणाली, "काहीतरी खाऊन घ्या हो." तिने ओट्यावर उकडलेला पाला झाकून ठेवला होता. घरात तेवढ्यालाच हिरवी चकती उरली होती.

दुपारी साडेबाराला ते किराणावाल्याचा काटा बघत होते. सुई एकाची दोन दिसायला लागली. डोळे चोळले, तरी दोनच. 'आलं,' त्यांच्या मनात आलं, 'वडिलांचं आलं.' चिमट्यातून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन सुटलं आणि फरशीवर खणकन वाजलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मानेवरून घामाची धार लागली. काटेवाल्यांनी दुकानाचं दार ओढलं आणि यंत्रांकडे, म्हणजे वर, निघाले. शेवटच्या मजल्याचा जिना त्यांनी कठडा धरून, जवळजवळ रांगत काढला.

तीन बोटं, तीन यंत्रं. चोपन्न, एक्कावन्न, अठ्ठावन्न.

तिन्ही यंत्रं प्रथमच एका सुरात बोलत होती, आणि खरं सांगायचं तर काटेवाल्यांना क्षणभर आनंद झाला. तीन महिने ते खाली उतरणाऱ्या आकड्याला टाळ्या देत आले होते. आज तर विक्रम! मग त्यांनी ओट्याचा आधार घेतला.

फोन काढला. साखर कमी झाली तर काय करावं? उत्तरं धो धो आली. मध घ्या. मध अजिबात नको. फळांचा रस घ्या. रसाने उलट होतं. घाबरू नका. तत्काळ दवाखाना गाठा. मधेच एका पावडरीची जाहिरात, ती ह्यांचीच पावडर. अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. एक लेख उघडायचा, दोन ओळी वाचायच्या, दुसरा काही वेगळं म्हणत नाही ना म्हणून तो उघडायचा. पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही, आणि हा माणूस उभा राहून वाचतोय!

वाचता वाचता त्यांनी फडताळाकडे पाहिलं. चाळीस डबे, आणि गळ्यात लाल, लाल, लाल. ह्या घरात खायला काही नाही, हे त्यांना कळलं. ते कुणी केलं हे मात्र आठवेना. हिरवी चकती बघून पाल्याचा एक घास घेतला. कडू. पाल्यात साखर कुठून येणार? मग सगळ्यात वर तो कडीचा डबा दिसला. हात पुरला. तार ओढली. तार कुणी साध्या माणसाने थोडीच लावली होती! सुरी घेतली, ती घसरून बोटाला लागली. पक्कड दुकानात, छप्पन्न पायऱ्या खाली. काटेवाले डबा छातीशी धरून जमिनीवर बसले आणि विझत चाललेल्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उरली: सील असं तोडता येत नाही. साक्षीदार लागतो.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं," जीभ जड झालेली, "एक सही पाहिजे होती."

"कसली सही? मी काउंटरवर आहे. गिऱ्हाईक उभं आहे."

"सील तोडायचंय. साखरेचं. साक्षीदार... तू ये."

चाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या आवाजाचा काटा किती हलला हे तिला यंत्राशिवाय कळलं. "आकडा किती?"

"चोपन्न. तिन्हींचं जवळपास जमतंय गं," ह्यात थोडा अभिमान होता.

बायकोच्या हातातला कोट काउंटरवर पडला. "अहो बाई, माझा कोट..." गिऱ्हाईक म्हणालं. "शनिवारी या!" "आज शनिवारच आहे!" ती रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.

"ऐका. डबा ठेवा खाली. शिवणयंत्राकडे जा. रांगत जा. खालचा खण."

"तिथे बटणं असतात."

"बटणांच्या डब्यात साखरेच्या वड्या आहेत."

ती पळत होती, चपलांचा आवाज येत होता, आणि मनात मोजत होती: पेटीत किती होत्या, काल एक, आज सकाळी... आज सकाळी दोन! कशाला खाल्ली दुसरी? पाच उरल्या असतील का? चार तरी? साठीला आलेली बाई रस्त्याने पळताना आपण खाल्लेल्या साखरेचा एकेक दाणा मोजत होती.

"आपल्या घरात?" पलीकडून क्षीण आवाज आला. "किती दिवस?"

"आधी खा, मग भांडा! मिळाल्या का?"

खणाचा आवाज. बटणं सांडल्याचा आवाज. "तीन आहेत."

"तिन्ही तोंडात टाका. चावा. फोन ठेवू नका, चावल्याचा आवाज ऐकू दे मला."

कुडूम. कुडूम. मग बारीक आवाजात: "एक चावत नाहीये."

ती पोचली तेव्हा काटेवाले भिंतीला टेकून बसले होते, भोवती रंगीबेरंगी बटणं, शर्ट घामाने चिकटलेला, आणि गालात काहीतरी घोळवत होते. तिने बोट घालून काढलं. कोटाचं चौकोनी पांढरं बटण. ते तिने बाजूला भिरकावलं, वाटेत शेजारणीकडून उचलून आणलेलं केळं सोलून पुढे धरलं. काटेवाल्यांनी त्या स्थितीतही विचारलं, "ह्याला लाल आहे ना?"

"आता तुमच्याच गळ्यात लाल बांधीन. खा!"

पंधरा मिनिटांनी एकाच यंत्रावर, एकदाच, तिने आकडा बघितला. एक्क्याऐंशी. मग तिने शेजारच्या घरून भात आणला. वाफाळता. त्यांनी तो खाल्ला, आणि ती समोर बसून रडली, मग रागावली, मग पुन्हा रडली.

"मला न सांगता ठेवल्यास," जरा जिवात जीव आल्यावर काटेवाले म्हणाले.

"डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, खिशात चार वड्या ठेवा. तुमच्यासमोर म्हणाले."

"छे. मला कुणी सांगितलंच नाही."

म्हणून झालं. भाताचा घास तोंडात तसाच राहिला. बायकोने पुस्तिका काढली, एकोणिसावं पान उघडलं, टेबलावर ठेवलं. चौकटीत, जाड अक्षरांत होतं. चौकटीच्या कडेला काटेवाल्यांच्याच हस्ताक्षरात, दुसऱ्याच कुठल्यातरी संदेशातली पाल्याच्या रसाची कृती लिहिलेली होती. जागा कमी पडल्यामुळे ती चौकटीत शिरली होती.

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. सहा पूर्णांक एक! काटेवाले ताठ बसले. डॉक्टरांनी कागद बघितला, मग तीन यंत्रांचे आकडे लिहिलेली वही बघितली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सकाळी दोनशे, दुपारी साठ. अहो, ही सरासरी आहे. वर जाताय आणि खाली पडताय, आणि मधला आकडा छान दिसतोय."

काटेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण ह्या दवाखान्यात प्रथमच त्यांना एक वाक्य पूर्ण समजलं होतं. दोन्ही बाजूंनी पासंग लावलेला काटा. रिकामा असला की सुई बरोबर मधोमध. माल ठेवला की पितळ उघडं. असा काटा कुणी आणला तर ते पहिल्यांदा काय करायचे? दोन्ही पारड्यांखालचं सगळं काढून टाकायचे.

"मग आता काय करू?"

"गोळी चालू. जेवण तीन वेळा, पोटभर नाही पण वेळेवर. चालणं. वड्या खिशात. बाकी सगळं बंद."

"एवढंच? आणि डोळे?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा जायचं. ते फोनमध्ये दिसत नाहीत." डॉक्टर हसले. मग बाहेरचा बाक बघितला, खण उघडला, आणि सवयीने एक नवीन पुस्तिका पुढे केली. "साखर कमी होणे: ओळख आणि उपाय. सोळाच पानं आहेत. जरूर वाचा."

त्या संध्याकाळी काटेवाल्यांनी पक्कड वर आणली आणि रीतसर सील तोडलं. वहीत नोंद झाली: साखर, सव्वा किलो, सील तोडले. साक्षीदाराच्या रकान्यात बायकोने सही केली, आणि खाली बारीक अक्षरात 'बटणांच्या डब्यातून दोन वड्या खर्ची' असंही लिहिलं. चकत्या तिनेच कापल्या. पण दोरे बरण्यांच्या मानेत तसेच राहिले, कारण अर्ध्यावर असताना काटेवाले म्हणाले, "राहू दे गं ते. लागले तर?"

रात्रीच्या जेवणाला बायकोने ताटं मांडली. टेबल डुगडुगलं, डाळ हिंदकळली. तिने इकडे तिकडे पाहिलं, सोळा पानांची पुस्तिका उचलली, दोन घड्या घातल्या, वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. दाबून पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा टेबल हललं नाही.

"बघा," ती म्हणाली.

काटेवाल्यांनी मान डोलावली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. फोन दुसऱ्या खोलीत होता; तो दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा त्यांचा हात ताटावर थांबला. तिसरा घास उचलता उचलता त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली. टेबलाच्या पायाखालून पुस्तिकेची एक कड बाहेर राहिली होती, आणि तिच्यावर अर्धी ओळ दिसत होती: 'मात्र पुढील चुका कधीही...'

"मान सरळ," बायको ताटातून वर न बघता म्हणाली.

त्यांनी मान सरळ केली. डोळे मात्र तिथेच होते.